धाग्यानं ओळखलेलं मीठ

डीएनए म्हणजे पिळलेली शिडी, हे मी आमच्या गावी, खाप्याच्या शाळेत दहावीत शिकले. आमच्या सरांनी सायकलच्या जुन्या ट्यूबच्या दोन पट्ट्या कापल्या होत्या आणि त्यांच्यामध्ये आगपेटीच्या काड्या खोचल्या होत्या. एक टोक त्यांनी धरलं, दुसरं माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "आता पीळ दे." मी जरा जास्तच जोरात पीळ दिला. चार काड्या निसटून खाली पडल्या आणि वर्ग हसला. सर मात्र हसले नाहीत. त्यांनी काड्या उचलून पुन्हा खोचल्या. आमच्या घरात तोवर दहावीच्या पुढं कोणी गेलेलं नव्हतं. बाबा मँगनीजच्या खाणीत आणि आई त्याच शाळेत पोषण आहाराची खिचडी शिजवायला. त्या सरांनी ते टोक नेमकं माझ्याच हातात का दिलं, हे मला माहीत नाही. पण दिलं, हे मी विसरलेले नाही.

पुढं बी.एस्सी., एम.एस्सी. झाली तरी माझ्या डोक्यात डीएनए म्हणजे ती शिडीच होती. नागपूरला पीएच.डी.साठी आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात मॅडमनी, म्हणजे माझ्या मार्गदर्शकांनी, मला समोर बसवून विचारलं, "डीएनएचा आकार कसा असतो?" मी हातानं हवेत पीळ काढून दाखवला.

"बरोबर," त्या म्हणाल्या. "पण तो नेहमीच तसा नसतो. धागा कुठंकुठं एकटा सुटतो. मग स्वतःवरच दुमडतो. कुठं गाठ बसते, कुठं एखादं अक्षर जास्तीचं आलं की फुगवटा येतो. पुस्तकात मावत नाहीत असे आकार. आपण तेच बघतो. आणि पाण्यात बघतो, कारण शरीरात तो पाण्यातच असतो, मिठाच्या पाण्यात."

"बघतो म्हणजे सूक्ष्मदर्शकातून?"

"नाही. त्यातून हे दिसण्याइतकं मोठं नसतं. आपण प्रकाशाला विचारतो."

प्रकाशाला विचारायचं म्हणजे काय, ते मला पुढचे कितीतरी महिने थोडं थोडं कळत गेलं. आमच्या खोलीत एक लांबट पांढरं यंत्र आहे. त्यातून निघणारा प्रकाश पुढं जाताना एकदा उजवीकडं आणि एकदा डावीकडं फिरत जातो. मध्ये काचेच्या छोट्या चौकोनी कुपीत आपलं द्रावण ठेवायचं. दुमडलेला धागा या दोन प्रकाशांपैकी एक थोडा जास्त गिळतो, दुसरा थोडा कमी. हा फरक मोजला की पडद्यावर एक वळणावळणाची रेषा उमटते. धागा ज्या तऱ्हेनं दुमडलेला असेल त्याप्रमाणे तिचे उंचवटे आणि खड्डे बदलतात. कुपीत बघावं तर नुसतं पाणी दिसतं. त्या पाण्यात मोजता येणार नाहीत इतके धागे असतात आणि कोणीही न सांगता ते सगळे एकाच तऱ्हेनं घडी घालून बसलेले असतात. पहिल्यांदा हे माझ्या लक्षात आलं तेव्हा मी कुपी यंत्रातून काढून उजेडात धरली होती. काही दिसणार नाही हे माहीत असूनही.

माझ्या वाट्याला आलेला धागा गुणसूत्राच्या टोकावरचा होता. तो एकटाच चार वेळा वर-खाली जातो आणि त्याची मजल्यांसारखी रचना होते, एकावर एक तीन मजले. या मजल्यांच्या मधोमध वरपासून खालपर्यंत एक पोकळी असते. त्या पोकळीत मिठाचा कण बसल्याशिवाय ही इमारत उभीच राहत नाही. सोडियम बसला तर इमारत एका तऱ्हेची होते, पोटॅशियम बसला तर दुसऱ्या. सोडियम लहान असतो, तो मजल्याच्या आतही मावतो. पोटॅशियम अंगानं मोठा, त्याला दोन मजल्यांच्या मधली जागा लागते. एवढ्याशा फरकानं अख्खा धागा वेगळी घडी घालतो. सोडियमची रेषा तरंगलांबीच्या २६५ या आकड्यापाशी खोल खाली जाते. पोटॅशियमची तिथं वर राहते. ही गोष्ट जगात सगळ्यांना माहीत आहे. माझं काम त्याच्या पुढचं होतं. त्या धाग्यात एक अक्षर जास्तीचं घातलं, म्हणजे मुद्दाम एक फुगवटा काढला, तर आकाराचं काय होतं?

गेल्या वर्षी एप्रिलमध्ये मला उत्तर मिळालं. फुगवट्याचा धागा मी नुसत्या सोडियमच्या पाण्यात ठेवला आणि रेषा काढली. २६५ पाशी जो खड्डा यायला हवा होता, तो जवळजवळ भरून आलेला होता. रेषा धड सोडियमची नव्हती, धड पोटॅशियमची नव्हती. आमच्या आधी शिकून गेलेल्या एका विद्यार्थ्यानं साध्या धाग्याची सोडियममधली रेषा काढून ठेवली होती. तिच्यावर माझी रेषा ठेवली तर दोन्ही अगदी वेगळ्या दिसत होत्या. याचा अर्थ एकच निघत होता. एका जास्तीच्या अक्षरानं, पोटॅशियम नसतानाही, नवाच आकार तयार केला होता.

मॅडम लगेच खूश होणाऱ्यांतल्या नाहीत. "पुन्हा कर," म्हणाल्या. मी पुन्हा केलं. "नवीन बफर करून कर." केलं. तीनदा तीच रेषा आली. मग त्या पहिल्यांदा म्हणाल्या, "छान आहे गं हे." प्रबंधाचं चौथं प्रकरण या आकारावर ठरलं. वर्ष त्यातच गेलं. यंदाच्या एप्रिलमध्ये एका शनिवारी विभागात माझं सेमिनार लागलं. ते पार पडलं की प्रबंध लिहायला बसायचं होतं. आईनं खाप्यात विहारात, शाळेच्या स्वयंपाकखोलीत आणि दळणाच्या रांगेत सगळ्यांना सांगून टाकलं होतं की माझ्या पोरीनं एक नवीन आकार शोधला. कसला आकार, असं कोणी विचारलं तर ती म्हणायची, "डोयानं दिसत नाई असा."

बफर म्हणजे ते मिठाचं पाणी, ज्याची आम्लता ठरावीक आकड्यावर आणून ठेवायची असते. हे पाणी करायची माझी एक पद्धत होती. बाकी सगळे लिटरभर करून बाटलीत ठेवतात. मी रोज ताजं करायची आणि लागेल तेवढंच, वीस मिलिलीटर. शुद्ध रसायन उगाच जास्त काढणं माझ्या हाताला जमत नाही. आमच्या घरी भात उरला तर आई दुसऱ्या दिवशीचा अंदाज बदलायची. दुसरं म्हणजे, आम्लता मोजायच्या मीटरचा आकडा अगदी स्थिर झाल्याशिवाय मी पुढं जात नसे. मीटर उन्हाच्या खिडकीशी होता. कूलरची हवा तिथं पोचत नसे आणि आकडा ६.९८, ७.०१ असा थरथरत राहायचा. मग मी इलेक्ट्रोड, म्हणजे मीटरची ती काचेची नळी, पाण्यात तशीच बुडवून ठेवायची आणि डबा खाऊन यायची. आले की आकडा शांत झालेला असायचा. मला त्याचं समाधान वाटायचं.

सेमिनारच्या आधीच्या गुरुवारी दुपारी आमच्या प्रयोगशाळेतले काका मीटरपाशी उभे होते. ते इथं तीस वर्षं आहेत. ऊर्ध्वपातित पाणी भरणं, काचसामान सांभाळणं, मीटरच्या नळीत द्रावण भरणं, सगळं तेच बघतात. आम्हा मुलींना ते 'पोरी' आणि मुलांना 'गा' म्हणतात आणि मॅडमना सोडून कोणालाही रागावतात.

"काय वं पोरी," ते नळी उजेडात धरून म्हणाले, "हा तुहा मीटर लय तहानलेला आहे. सोमवारी म्या भरला, आज बेस्तवार, अन् अर्धा खाली. पहिले भरला का महिना जात होता."

"ऊन किती आहे काका. उडून गेलं असेल."

"बूच लावलेलं अस्ते त्याले. उडून कुठून जाईन? वरून नाई जाऊन राहिलं, खालून जाऊन राहिलं. टोकाले चीर गेली आहे त्याच्या, पाय. अन् तू त्याले आंघोळीले बसवल्यासारखी बसवून ठेवते."

मी हसले. पुढचा मिनिटभर मी हसतच कुपी पुसत होते. मग माझे हात थांबले.

त्या नळीत पोटॅशियम क्लोराइडचं घट्ट द्रावण असतं. मीटर चालायचा तर त्यातलं अगदी थोडं खालच्या टोकातून बाहेर झिरपावंच लागतं. हे मी एम.एस्सी.च्या पेपरात आकृतीसह लिहिलं होतं आणि गुणही मिळवले होते. टोकाला चीर गेलेली असेल तर ते थोडं झिरपणार नाही, बरंच झिरपणार. लिटरभर पाण्यात ते कुठल्या कुठं विरून जातं. माझ्या वीस मिलिलीटरमध्ये विरत नव्हतं. वर्षभर मी सोडियमचं म्हणून जे पाणी वापरत होते, त्यात पोटॅशियम होतं. मीच डबा खायला जाताना ते त्यात सोडून जात होते.

"काका," मी विचारलं, "चीर कधीपासून आहे?"

"कोणाले माहीत. मागच्या उन्हाळ्यातच जास्त भरा लागून राहिलं होतं."

मी खुर्चीवर बसले. काका म्हणाले, "काहून वं, ऊन लागलं का? पाणी पे."

खात्री करायला दोनच कुप्या पुरणार होत्या. एकीत साधा, बिनफुगवट्याचा धागा, माझ्या बफरमध्ये. दुसरीत माझा फुगवट्याचा धागा, त्या आधीच्या विद्यार्थ्यानं करून ठेवलेल्या लिटरभर जुन्या बाटलीतल्या बफरमध्ये. आकार धाग्यामुळे बदलत असेल तर फुगवट्याचा धागा कुठंही नवा आकार धरेल. बफरमुळे बदलत असेल तर साधा धागाही माझ्या पाण्यात तोच आकार धरेल. खरं म्हणजे हे वर्षापूर्वीच करायला हवं होतं. मी माझी रेषा दुसऱ्याच्या रेषेवर ठेवली, पण दोघांचं पाणी एक आहे का, हे कधी विचारलं नाही.

धागा घडी घालण्याआधी तापवून पूर्ण मोकळा करावा लागतो आणि मग हळूहळू निवू द्यावा लागतो. मी मोठं भांडंभर पाणी उकळलं, दोन्ही द्रावणांच्या छोट्या बंद नळ्या त्यात सोडल्या, झाकण ठेवलं आणि घरी गेले. कपाटाची किल्ली पर्समध्ये होती आणि त्या कपाटात माझ्या त्या दिवशीच्या भेसळीच्या पाण्याची छोटी बाटली होती. शनिवारी मला पंचवीस मिनिटं बोलायचं होतं. मी या दोन नळ्या ओतून टाकल्या असत्या तर कोणाला काही कळलं नसतं. रेषा तीनदा आली होती, मॅडमनी मान्य केली होती. मी ओतणार नव्हते, पण हा विचार मला आला होता, तो इथं लिहायला हवा.

शुक्रवारी मी सकाळी आठलाच पोचले. आधी जुन्या बाटलीतला फुगवट्याचा धागा लावला. रेषा निघाली आणि २६५ पाशी सरळ खोल खड्ड्यात उतरली. साधी, सगळ्यांना माहीत असलेली सोडियमची रेषा. नवीन आकार कुठंच नव्हता. मग माझ्या पाण्यातला साधा धागा लावला. खड्डा भरून आलेला.

माझं चौथं प्रकरण माझ्यासमोर तेव्हाच संपलं. रडू येईल असं वाटलं होतं, आणि ते थोडं आलंही. पण त्याच वेळी मी त्या दुसऱ्या रेषेवरून नजर काढू शकत नव्हते. मी फसले होते. मॅडम, माझा मीटर, तीन-तीन वेळा केलेला प्रयोग, सगळे फसले होते. बाटलीवर माझ्या अक्षरात 'सोडियम' लिहिलेलं होतं. आणि त्या पाण्यातल्या धाग्यानं, सोडियमच्या एवढ्या गर्दीतून, डबा खाण्याच्या वेळात झिरपलेले पोटॅशियमचे कण ओळखून काढले होते आणि आपल्या मजल्यांमध्ये नेऊन बसवले होते. वर्षभर तो दर वेळी तेच सांगत होता, आणि मी त्याला नवीन आकार म्हणत होते.

काका झाडणाऱ्या बाईंना दार उघडून द्यायला आले तेव्हा मी तशीच बसलेली होते.

"काका, तुमचं बरोबर निघालं."

"माह्यं? काय बरोबर निघालं?"

"नळी खालूनच गळत होती. माझं वर्षभराचं काम चुकलं त्यानं."

त्यांनी मीटरची नळी उचलून पाहिली. मग म्हणाले, "मले पहिले सांगा लागत होतं. म्या मनात म्हणो, पोरगी कामाची आहे, बुडवून ठेवते तर कायले तरी ठेवत असन."

मॅडम साडेदहाला आल्या. मी दोन्ही रेषा त्यांच्या टेबलावर ठेवल्या आणि उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"इलेक्ट्रोड किती वेळ बुडवून ठेवायचीस?"

"कधी अर्धा तास. कधी डबा खाऊन येईपर्यंत."

"आणि बफर किती करायचीस एका वेळी?"

"वीस मिलिलीटर."

"वीस?"

"वाया जाऊ नये म्हणून, मॅडम."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मला वाटलं आता रागावतील. त्या म्हणाल्या, "मी तुला तीनदा करायला लावलं. तीनही वेळा त्याच इलेक्ट्रोडनं. हे मला सुचायला हवं होतं." मग रेषा बाजूला सारून, "चौथं प्रकरण गेलं. सहा महिने तरी वाढतील तुझे. चालेल?"

"हो, मॅडम."

"उद्या हेच दाखव. लपवू नकोस आणि रडतही सांगू नकोस."

शनिवारी मी तेच दाखवलं. आधी नवीन आकाराची रेषा, मग चिरलेल्या नळीचा फोटो, मग त्या दोन कुप्यांच्या रेषा. मागच्या रांगेत कोणीतरी हसलं. पहिल्या रांगेत बाहेरून आलेले एक वयस्कर प्राध्यापक होते. ते हसले नाहीत. त्यांनी विचारलं, "तुमच्या फुगवट्याच्या धाग्याला आकार पालटायला किती पोटॅशियम लागतं? साध्याइतकंच? की कमी-जास्त?"

"माहीत नाही, सर," मी म्हणाले. "मोजलेलं नाही. मोजेन."

मॅडमनी आपल्या वहीत काहीतरी लिहिलं.

त्या संध्याकाळी आईचा फोन आला. तिला सेमिनारचा दिवस पाठ होता.

"झालं का वं तुहं भाषण?"

"झालं. आई, तो आकार नवीन नव्हता. माझ्याकडून दुसरं मीठ पडलं होतं पाण्यात."

"खारट झालं का?"

"नाही गं. सोडियममध्ये पोटॅशियम. थोडंसंच."

"अन् त्याले कयलं?"

"कोणाला?"

"त्या धाग्याले. थोडंसंच होतं म्हनते ना तू. तरी कयलं त्याले?"

"हो," मी म्हणाले. "कळलं."

"बापा!" ती म्हणाली. मी इतकी वर्षं जे समजावून सांगू शकले नव्हते, ते तिनं एका प्रश्नात गाठलं होतं. मग म्हणाली, "विहारात काय सांगू आता मंग?"

"जे झालं तेच सांग."

"लोकं हासतीन ना वं."

"इथंही हसले."

"मंग ठीक आहे," ती म्हणाली. "जेवली का तू?"

पुढच्या आठवड्यात नवीन नळी आली. मी पहिल्यांदाच लिटरभर बफर केलं, सोडियमचं, आणि त्यातलं थोडं बाहेर काढून आम्लता मोजली. ते मोजलेलं पाणी फेकून दिलं. फेकताना हात अडखळला. मग फुगवट्याचा धागा त्या पाण्यात घडी घालून कुपीत घेतला आणि यंत्रात ठेवला. शेजारी पोटॅशियमचं द्रावण होतं, बारीक पिपेटनं एका वेळी थेंबाच्याही अंशाएवढं टाकायचं, ढवळायचं, थांबायचं आणि रेषा काढायची.

मॅडमना अकराला वरच्या मजल्यावर बैठक होती. जाताजाता त्या दारात थांबल्या. पडद्यावर पहिली रेषा होती, २६५ पाशी खोल खड्डा. मी पहिला अंश टाकला. दुसरी रेषा पहिलीवर जवळजवळ तंतोतंत बसली. दुसरा अंश टाकला, तेच. तिसऱ्याला खड्ड्याचा तळ किंचित वर उचलला गेला, नखभर. मॅडम आत आल्या. चौथ्याला तळ आणखी वर आला, आणि दुसऱ्या बाजूचा उंचवटा हळूच आपल्या जागेवरून सरकला. कुपीत त्या वेळी ते सगळे धागे आपली घडी मोडत होते, पुन्हा घालत होते, आणि वरून पाणी अगदी शांत दिसत होतं. मॅडमनी स्टूल ओढलं आणि माझ्याशेजारी बसल्या. अशा हजारो रेषा त्यांनी बघितल्या असतील. तरी त्या पडद्याच्या इतक्या जवळ वाकल्या होत्या की त्यांच्या चष्म्यात मला ती रेषा दिसत होती.

वरून शिपाई बोलवायला आला. "मॅडम, सगळे थांबले आहेत."

"येते म्हणावं," त्या म्हणाल्या, पण उठल्या नाहीत. "पुढचा टाक."